सारांश झाला, अभिप्राय कुठे?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): ताई, मी नागपुरात एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव हिंगणघाटजवळ, पदवीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. सक्करदऱ्याच्या आठवडी बुधवार बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांवर माझा प्रकल्प आहे. सरांनी दहा इंग्रजी शोधलेख दिले आणि प्रत्येकावर दोनशे शब्दांचं चिकित्सक टिप्पण मागितलं. मी चार लिहून दिली. चारही परत आली आणि प्रत्येकावर लाल पेनने एकच ओळ होती, ‘सारांश झाला, अभिप्राय कुठे?’ ताई, हे लेख लिहिणारे मोठमोठ्या विद्यापीठांतले प्राध्यापक आहेत. त्यांच्या लेखावर मी काय अभिप्राय देणार? एका लेखात चुका काढून पाहिल्या, तर मैत्रीण म्हणाली की हे भांडण वाटतं. दुसरी म्हणाली, चॅटजीपीटीला दे, दोन मिनिटांत होतं. दहाही टिप्पणं बारा दिवसांत द्यायची आहेत. कुठून सुरुवात करू? (मानेवाड्यातली एक विद्यार्थिनी)

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या सरांची ओळ मी लहानपणी घरात ऐकली आहे, जवळपास त्याच शब्दांत. माझे वडील सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते. फाइलवर टिप्पणी लिहिणं हे त्यांचं रोजचं काम. नव्याने लागलेली मुलं त्यांना टिप्पणी दाखवायला घरी येत, तेव्हा ते शेवटपर्यंत वाचून म्हणायचे, “प्रकरण सांगितलंस. आता तुझं म्हणणं काय, ते लिही.”

फाइलवरच्या टिप्पणीची एक चाल ठरलेली असते. आधी प्रकरण थोडक्यात, म्हणजे अर्ज कोणाचा आणि मागणी काय. मग सोबत कोणते कागद जोडले आहेत आणि कोणते जोडलेले नाहीत. मग नियम काय म्हणतो, आणि अशाच प्रकरणात पूर्वी काय निर्णय झाला. शेवटी कारकुनाचा अभिप्राय: मागणी मान्य करता येईल, किंवा इतकीच मान्य करता येईल, किंवा अमुक कागद आल्याशिवाय काहीच म्हणता येणार नाही. खाली ‘आदेशार्थ सादर’. कारकून साहेबापेक्षा लहान असतो, पुष्कळदा अर्जदारही त्याच्यापेक्षा मोठा माणूस असतो. तरी अभिप्राय त्यालाच लिहावा लागतो, कारण कागद त्याने पाहिलेले असतात.

शोधलेखावरचं चिकित्सक टिप्पण हे याहून फार वेगळं काम नाही. लेखक हा अर्जदार, त्याचा निष्कर्ष ही मागणी, आणि त्याने दिलेले आकडे, मुलाखती, दस्तऐवज हे जोडलेले कागद. ही फाइल ज्याच्या टेबलावर जाणार तो साहेब म्हणजे सहा महिन्यांनंतरची तू, प्रकल्पाचं दुसरं प्रकरण लिहायला बसलेली. तेव्हा तुला दहा लेख पुन्हा उघडायला वेळ नसेल. टिप्पण वाचून तुला एवढं कळलं पाहिजे की हा लेख काय म्हणतो, त्याच्या म्हणण्यावर किती भार टाकता येतो, आणि माझ्या कामात तो कुठे बसतो. पहिल्या भागावर तू चारही टिप्पणं संपवलीस. उरलेले दोन भाग म्हणजेच सरांना हवा असलेला अभिप्राय.

आता तुझा खरा प्रश्न. मी कोण अभिप्राय देणार?

यावर धीर देणारे चार शब्द मी लिहू शकले असते, पण त्यापेक्षा एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचं काम तुला दाखवते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये छापून आला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे त्याची छोटी पुस्तिका मिळते. एका बैठकीत वाचून होईल एवढीच आहे. जातीच्या उगमाबद्दल बाबासाहेब पुढे काय मांडतात, ते नंतर वाच. आत्ता फक्त सुरुवातीची ती पानं वाच जिथे ते आधीच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या घेतात. फ्रेंच पंडित सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड, सर एच. रिस्ले, आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून ओळखले गेलेले श्रीधर व्यंकटेश केतकर. रिस्ले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. म्हणजे एका बाजूला सगळं साम्राज्य मोजून बसलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी.

तो विद्यार्थी काय करतो बघ. चौघांच्या व्याख्या तो आधी जशाच्या तशा समोर ठेवतो. मग एकेकाकडे वळतो. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेला जातीचं लक्षण मानलं. ती कल्पना मुळात पुरोहितांच्या कर्मकांडातून येते, जातीपुरती ती खास नाही, असं तो दाखवतो. नेसफील्ड म्हणतात की जातीबाहेरच्यांसोबत खाणंपिणं नसणं हे जातीचं लक्षण. त्यावर तो म्हणतो, मुद्दा नवा आहे, पण इथे परिणामालाच कारण समजलं गेलंय. रिस्ले यांच्या व्याख्येत वेगळं लक्ष देण्याजोगं नवं काही नाही, म्हणून एका वाक्यात पुढे जातो. केतकरांपाशी मात्र तो थांबतो. त्यांची चिकित्सक बुद्धी आणि मोकळं मन याची तो आधी दखल घेतो. जातीकडे सुटं न बघता जातींच्या व्यवस्थेतला एक भाग म्हणून त्यांनी पाहिलं, हे त्यांचं श्रेय तो स्पष्ट लिहितो. त्यानंतर एकच आक्षेप घेतो. केतकर दोन लक्षणं सांगतात: जातीत जन्मलेल्यालाच सभासदत्व, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. पण बाहेर लग्न बंद केलं की सभासदत्व आपोआप जन्मावर येतं. तेव्हा ही दोन लक्षणं नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

मी हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ तिथेच थांबले होते. यात एकही कडवट शब्द नाही आणि एकही खुशामतीचा शब्द नाही. केतकर किती मोठे, याची चर्चा नाही. आपण किती लहान, याचीही नाही. व्याख्या समोर आहे, तिच्यात दोन लक्षणं आहेत, आणि ती वेगळी आहेत का एवढंच तपासलं आहे. हे तपासायला पदवी लागत नाही, ते वाक्य दोनदा सावकाश वाचावं लागतं. आणि निबंधाच्या शेवटी बाबासाहेब हाच न्याय स्वतःला लावतात: माझा सिद्धांत टिकत नाही असं कोणी दाखवून दिलं तर मी तो तितक्याच तयारीने सोडेन. आपल्या नागपूरला या माणसाचं नाव रोज घ्यायची सवय आहे. त्याची वाचायची पद्धतही आपण उचलावी, असं मला फार मनापासून वाटतं.

आणखी एक. एकेकाकडे वळण्याआधीच तो चौघांपैकी तिघांच्या व्याख्या एकत्र घेऊन सांगतो की एकेकटी कोणतीच पुरी नाही, कुठे जास्त आहे तर कुठे कमी, पण एकीने झाकलेलं दुसरी उघडं करते. दहा टिप्पणं झाल्यावर तुला हेच करायचं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

‘हे तर भांडण वाटतं’ असं तुझी मैत्रीण म्हणाली, त्यामागे शब्दाचा घोटाळा आहे. आज आपण ‘टीका’ म्हटलं की झोडपणं समजतो. पण ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहिली तीही टीकाच. चिकित्सकाचंही तसंच. डॉक्टर नाडी बघतो तेव्हा रोग्याशी भांडत नाही, आणि सगळं ठीक असेल तर ठीक आहे असंही सांगतो. फक्त तेही तपासून सांगतो. तुझ्या टिप्पणात ‘हा निष्कर्ष मला पटतो’ असं आलं तरी चालेल, पण का पटतो ते पुढच्या वाक्यात आलं पाहिजे. मान्य करायलाही पुरावा लागतो.

दोष काढण्याच्या भरात एक चूक फार होते. लेखकाने जो प्रश्न घेतलाच नाही, त्याचं उत्तर दिलं नाही म्हणून त्याला धरायचं. लेख बायकांवर असेल तर ‘पुरुष विक्रेत्यांचा विचार केलेला नाही’ हा दोष होत नाही. ती त्याने स्वतः आखलेली हद्द आहे. दोष तेव्हा होतो जेव्हा लेखक हद्दीच्या आत राहून अभ्यास करतो आणि निष्कर्ष मात्र हद्दीबाहेर नेतो. बरेच लेखक शेवटी अभ्यासाच्या मर्यादा स्वतःच लिहून देतात. त्या उतरवून काढणं म्हणजे अभिप्राय नव्हे. मर्यादा कबूल केल्यावर निष्कर्षाची भाषा त्यांना धरून राहिली का, हे बघ. पुष्कळदा एका पानावर ‘नमुना लहान आहे’, म्हणजे थोड्याच जणांना विचारलं आहे, असं असतं आणि पुढच्याच पानावर ‘भारतातील महिला’.

आता टिप्पण कसं असावं, याचा एक दाखला. खालचा लेख काल्पनिक आहे, तुला पद्धत दिसावी म्हणून मी रचला आहे. समजा एका शहरातल्या भाजी विकणाऱ्या साठ बायकांच्या मुलाखती घेऊन लेखिका म्हणते की परवाना मिळाल्यावर त्यांचं उत्पन्न वाढतं. तुझ्या परत आलेल्या टिप्पणांच्या धाटणीने लिहिलं तर असं होईल:

‘या लेखात लेखिकेने महिला विक्रेत्यांच्या समस्या मांडल्या आहेत. त्यासाठी साठ महिलांच्या मुलाखती घेतल्या आहेत. परवाना मिळाल्यावर उत्पन्न वाढते असे सांगितले आहे. लेख अत्यंत माहितीपूर्ण व अभ्यासपूर्ण असून माझ्या विषयासाठी उपयुक्त आहे.’

यातलं शेवटचं वाक्य कुठल्याही लेखाखाली चिकटवता येतं. जे वाक्य दहाही टिप्पणांत चालेल ते एकाही टिप्पणात ठेवू नकोस. माहितीपूर्ण, अभ्यासपूर्ण, सखोल, मोलाचा, सुंदर ही विशेषणं या बारा दिवसांपुरती बाजूला ठेव. आता हेच दुसऱ्या तऱ्हेने:

‘परवान्यामुळे भाजी विकणाऱ्या महिलांचे उत्पन्न वाढते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. एका शहरातील साठ महिलांच्या मुलाखतींवरून लेखिका ‘वाढते’ असा निष्कर्ष काढते. जागेवरून उठवले जाण्याची भीती कमी झाल्यावर महिला जास्त माल आणू लागतात, हा दुवा मुलाखतींच्या उताऱ्यांतून नीट उभा राहतो आणि तीच लेखाची ताकद आहे. मात्र साठही महिला एकाच संघटनेमार्फत भेटल्या आहेत. त्यामुळे परिणाम परवान्याचा किती आणि संघटनेच्या पाठबळाचा किती, हे वेगळे करता येत नाही. परवान्याआधीचे उत्पन्न महिलांच्या आठवणीवर आधारले आहे. लेख २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या आधीचा आहे. निष्कर्षातील ‘शहरी भारतातील महिला’ हे शब्द पुराव्यापेक्षा मोठे आहेत. उत्पन्नाच्या निष्कर्षासाठी मी या लेखावर विसंबणार नाही, पण भीती आणि मालाचे प्रमाण यांचा संबंध बुधवार बाजारातील महिलांना विचारण्यासाठी तो उपयोगी पडेल. आठवड्यातून एकच दिवस त्या जागी बसणाऱ्या महिलेला तो कितपत लागू होतो, हे तपासावे लागेल.’

सारांश पहिल्या दोन वाक्यांत संपला. पुढे ताकद सांगितली, आणि ती कुठे आहे हेही सांगितलं. मग शंका, प्रत्येक शंकेला कारण. शेवटची दोन वाक्यं पूर्णपणे तुझी आहेत. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात तू उभी राहिली आहेस, लेखिका राहिलेली नाही. तिला जे दिसणं शक्य नाही ते तुला दिसतं. तुझा अधिकार तिथून येतो.

कायद्याच्या वाक्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुझ्या दहा लेखांपैकी काही नक्की जुने असतील. लेख जुना असणं हा दोष नाही, पण तो कोणत्या जगाबद्दल बोलतो ते टिप्पणात यायला हवं. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितलं. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका, असं ठरवलं. प्रत्यक्षात काय झालं हा वेगळा अभ्यास आहे. पण २००९ सालचा लेख ‘विक्रेत्यांना कायद्याने काहीच संरक्षण नाही’ म्हणत असेल, तर ते वाक्य आज जसंच्या तसं तुझ्या प्रकल्पात आणता येणार नाही. तसंच २०२० नंतरच्या लेखात उत्पन्नाचे आकडे आले की टाळेबंदीचे महिने त्यात धरले आहेत का, आणि त्या वर्षी पथविक्रेत्यांसाठी सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतलं कर्ज हिशेबात घेतलं आहे का, हे बघ.

क्रियापदांकडे मात्र फार लक्ष दे. मराठीत ‘सांगितले आहे’ या एका क्रियापदावर सगळं भागवायची आपल्याला सवय आहे. सांगणं, मांडणं, सुचवणं, दाखवणं, सिद्ध करणं, गृहीत धरणं, नोंदवणं, सूचित करणं यांत केवढं अंतर आहे! ‘लेखिका नोंदवते’ म्हटलं की तिने फक्त पाहिलं. ‘सुचवते’ म्हटलं की पुरावा कमी आहे आणि ते तिलाही ठाऊक आहे. ‘दाखवते’ म्हटलं की पुरावा समोर आहे आणि तो तुला पटला. ‘गृहीत धरते’ म्हटलं की पुरावा नाही आणि तू ते पकडलंस. समाजशास्त्रात ‘सिद्ध करते’ फार जपून लिही. नेमकं क्रियापद निवडलंस की अर्धा अभिप्राय सारांशातच येतो, शब्दही वाचतात. तुझ्या चार टिप्पणांतलं प्रत्येक ‘सांगितले आहे’ खोडून त्या जागी यांतलं एक बसवून बघ. कोणतं बसवावं हे ठरत नसेल, तर लेखातली ती जागा तू अजून नीट वाचलेली नाहीस.

लेख वाचायचा कसा, हे थोडक्यात. पहिल्या वाचनात गोषवारा, प्रस्तावनेचा शेवट आणि निष्कर्ष एवढंच. मग लेख मिटून ठेव आणि ‘लेखकाचा प्रश्न हा, त्याचं उत्तर हे’ असं एक वाक्य मराठीत लिही. दुसऱ्या वाचनात फक्त पद्धत: कोणाला विचारलं, किती जणांना, ती माणसं मिळाली कशी, कधी, आणि जी मिळाली नाहीत ती कोण. या शेवटच्या प्रश्नाने मला आयुष्यभर साथ दिली आहे. तिसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बस आणि प्रत्येक मोठ्या विधानापाशी समासात लिही, ‘हे याला कसं कळलं?’ उत्तर सापडलं तर पान क्रमांक टाक. नाही सापडलं तर प्रश्नचिन्ह. टिप्पणाचा दुसरा भाग या प्रश्नचिन्हांतूनच निघतो. वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे लेखकाचं आणि उजवीकडे तुझं लिहीत गेलीस, तर कोणतं वाक्य कोणाचं हा गोंधळ पुढे होणार नाही.

लेख वाचल्याशिवाय दुसऱ्याचा आक्षेप उचलू नकोस. हे मी ठासून सांगते, कारण मी ते केलं आहे. एम.ए.ला असताना एका लेखावर मी लिहिलं, ‘नमुना लहान असल्याने निष्कर्ष मर्यादित ठरतात.’ ते वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं, भारदस्त वाटलं आणि बसवून टाकलं. तोंडी परीक्षेत मला विचारलं, “कोणता नमुना?” तो लेख जुन्या न्यायालयीन निकालांवर लिहिलेला होता. त्यात नमुना नव्हताच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या लेखात खरा शोधण्यासारखा प्रश्न हा होता की कोर्टाची पायरी चढू शकलेल्या माणसांचीच भांडणं निकालांत दिसतात, बाकीच्यांची दिसत नाहीत. लेख स्वतः वाचला असता तर तो मला सापडला असता. आक्षेप पुराव्याच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. मुलाखती असतील तर कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, आकडे असतील तर काय मोजलं आणि काय मोजलंच नाही, दस्तऐवज असतील तर ते कोणी, कशासाठी लिहून ठेवले.

संदर्भाची ओळही टिप्पणाचाच भाग आहे. लेखकाचं नाव, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं, हे सगळं मूळ लेखावरून उतरव, दुसऱ्याच्या संदर्भसूचीवरून नको. वर सांगितलेल्या बाबासाहेबांच्या निबंधाचंच बघ. तो ‘इंडियन अँटिक्वेरी’, खंड ४१, मे १९१७ असा पुष्कळ ठिकाणी छापलेला आढळतो. हे नियतकालिक १८७२ साली सुरू झालं. वर्षाला एक खंड धरून बोटांवर मोजलं तर १९१७ चा खंड ४६ वा येतो, आणि ४१ वा पडतो १९१२ मध्ये. एका आकड्याची गफलत, पण एकाने लिहिली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतली.

नियतकालिक कोणतं, हेही बघायचं असतं. तज्ज्ञांकडून तपासून घेऊन मग छापणारं आहे का, संपादक कोण आहेत, लेखकाने या विषयावर आधी काही लिहिलं आहे का, एवढं पुरे. पूर्वी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केअर यादीत, म्हणजे मान्य नियतकालिकांच्या यादीत, नाव दिसलं की विद्यार्थी निर्धास्त होत. ती यादी २०२५ मध्ये बंद झाली. तशीही कोणतीही यादी लेख तुझ्यासाठी वाचून देत नव्हती. चांगल्या नियतकालिकात कच्चा लेख येतो आणि साध्या नियतकालिकात पक्काही येतो.

इंग्रजीची भीती तू पत्रात उघड लिहिली नाहीस, पण माध्यमाचा उल्लेख केलास, म्हणून सांगते. लेख इंग्रजीत वाचला म्हणजे विचारही इंग्रजीत करावा लागतो असं नाही. लेख झाला की खोलीवरच्या मैत्रिणीला तो तुझ्या गावच्या बोलीत सांग. “हे बाई म्हनते का परवाना भेटला तं कमाई वाढते, पन तिनं इचारलं कोनाले, तं संघटनेतल्याच बायांले.” बघ, संपूर्ण अभिप्राय या एका वाक्यात आला. मग तो प्रमाण मराठीत उतरव. एखाद्या संज्ञेला मराठी प्रतिशब्द अवघड वाटला तर इंग्रजी शब्द देवनागरीत ठेव आणि त्याचा अर्थ एका वाक्यात सांग. संज्ञेचा अर्थ लेखकागणिक बदलतो. ‘अनौपचारिक क्षेत्र’ म्हणजे एकासाठी परवाना नसलेला धंदा, तर दुसऱ्यासाठी करारपत्र नसलेली मजुरी. हा फरक तुला दोन लेखांत दिसला तर टिप्पणात लिही. तो मोठा अभिप्राय आहे.

चॅटजीपीटीबद्दल. एखादं अवघड वाक्य समजून घ्यायला विचारलंस तर हरकत नाही, पण मग ते वाक्य लेखात जाऊन पुन्हा वाच. टिप्पण मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. लेखात नसलेलं वाक्य आणि अस्तित्वात नसलेला संदर्भ ते तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देतं, आणि ‘कोणता नमुना?’ हा प्रश्न तोंडी परीक्षेत तुलाच विचारला जाणार आहे. शिवाय बुधवार बाजार त्याने पाहिलेला नाही.

बारा दिवसांचं असं कर. पहिल्या दिवशी परत आलेल्या चारांपैकी तुला सगळ्यात जास्त समजलेला लेख घे, अवघड लेखापासून सुरुवात करू नकोस. ते एक टिप्पण पुरतं नव्याने लिहून सरांना दाखव आणि ‘अभिप्राय इथे आला का?’ एवढंच विचार. उरलेली नऊ त्यानंतर रोज एक. दुपारी अभ्यासिकेत जागा मिळत नसेल तर सकाळी सात ते दहा बस. एका लेखाला तीन तास पुरतात.

दहा टिप्पणं झाली की शेवटचे दोन दिवस लेखांना हात लावू नकोस. टिप्पणांच्या दहाही चिठ्ठ्या जमिनीवर मांड आणि एकमेकींशी बोलणाऱ्या शेजारी ठेव. परवान्याने उत्पन्न वाढतं म्हणणारी आणि वाढत नाही म्हणणारी शेजारी आली की विचार, दोघांनी विचारलं कोणाला? एकीने संघटनेतल्या बायकांना विचारलं असेल, दुसरीने रस्त्यात भेटेल तिला. मग प्रत्येक टिप्पणाखाली दुसऱ्या लेखाशी जोडणारं एक वाक्य वाढव.

आणि परत आलेली ती चार पानं फाडू नकोस. त्यांतला सारांश तू मेहनतीने केला आहेस. तो तीन ओळींवर आण, लाल ओळ तशीच राहू दे, आणि तिच्या खालच्या रिकाम्या जागेत लिहायला लाग.

तुझी ताई